अर्ध्या दाढीचं स्थळ

आमच्या भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा झाला, त्यानंतर काही वर्षांनी माझ्या तोंडाचेही दोन भाग झाले. जिल्ह्याच्या वाटणीची निदान आधीपासून चर्चा तरी होती. माझ्या तोंडाची वाटणी एका शनिवारी सकाळी, चहा-पोहे झाल्यावर, घरातल्या घरात उरकली गेली. आणि तिला संमती मीच दिली होती!

मोहाडीला आमचं कापडाचं दुकान. हातमागाच्या साड्या, धोतरं, पंचे. बाबा गल्ल्यावर बसत आणि मी गिऱ्हाइकांपुढे साड्या उलगडून पुन्हा घड्या घालत असे. (उलगडण्याचं काम जास्त, विकण्याचं कमी.) लग्नाचं वय झालेलं, घरात एकुलता एक. एक ताई होती, पण ती लग्न होऊन नागपूरला गेलेली. एकूण स्थळ म्हणून मी वाईट नव्हतो. अडचण एकच होती. माझी कातडी.

मी दाढी केली की तासाभरात गळ्यावर लाल पुरळ उठायचं. आग व्हायची, खाज सुटायची, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक केसाच्या मुळाशी तुरीच्या डाळीएवढा फोड! दुकानात आलेल्या बायका साडीचा पदर पाहायच्या सोडून माझा गळा पाहायच्या. एकीनं तर कडेवरचं लेकरू झटकन मागं ओढलं आणि विचारलं, "भाऊ, गोवर निंगला काय तुमाले?" त्या दिवसापासून मी दाढी करणं सोडलं. लोक दाढी ठेवतात, माझी राहून गेली होती.

तशात सानगडीचं स्थळ सांगून आलं. मुलीचं नाव ज्योती, वडिलांची धानाची शेती, माणसं चांगली. मध्यस्थानं माझा कॉलेजमधला फोटो नेऊन दाखवला होता, त्यात मी लोण्याच्या गोळ्यासारखा गुळगुळीत. फोटो पसंत पडला. पण जाताजाता मध्यस्थ बाबांच्या कानाशी लागला. "एक ध्यानात ठेवजा. त्या घरात पोरीच्या आत्याचं चालते. अन् आत्याले दाढीवाला माणूस चालत नाही."

"काहून?" बाबांनी विचारलं.

"ते म्हणते, दाढीवाला हसून राहिला का रुसून राहिला, काहीच समजत नाही."

पाहुणे पुढच्या रविवारी दुपारी घर आणि मुलगा पाहायला येणार होते. म्हणजे दाढी करणं भाग होतं. आणि दाढी केली की गोवर!

मग सुरू झाले सल्ले. गरम पाण्यानं तोंड शेकून घे, असं एकानं सांगितलं. दुसरा म्हणाला, चुकूनही गरम पाणी लावू नको, थंड लाव. कोणी म्हणे वरून खाली, कोणी म्हणे खालून वर, आणि शेजारचा किराणावाला म्हणे आधी उभं, मग आडवं, मग परत उभं. ऐकता ऐकता मला माझं तोंड म्हणजे रोवण्यासाठी चिखलणीला काढलेली धानाची बांधी वाटायला लागलं. आई म्हणाली, सायीत हळद कालवून लाव. लावली. दाढी तशीच राहिली, फक्त पिवळी झाली.

मी भंडाऱ्याला जाऊन दिसेल ते घेऊन आलो. नळीतलं क्रीम, बाटलीतलं जेल, कोरफडीचं काहीतरी, आणि तीन तऱ्हेची पाती. प्रत्येक खोक्यावर एक माणूस गालावरून हात फिरवत खूश होऊन पाहत होता. एकाच्याही गळ्यावर डाळ नव्हती. सगळं मांडून मी नुसता पाहत बसलो. यातलं आधी काय लावायचं, मग काय लावायचं, आणि पुसायचं केव्हा, काही कळेना.

शुक्रवारी संध्याकाळी नागपूरहून ताई आणि भाऊजी आले. भाऊजी औषधांच्या कंपनीत फिरतीवर होते. डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर बसून बसून ते स्वतः पाऊण डॉक्टर झाले होते. त्यांनी माझी हनुवटी धरून दिव्याकडे फिरवली, गळा पाहिला आणि निदान केलं.

"प्रमोद, तू घाई करतो. कोरड्या दाढीवर पातं दाबून, उलटा हात मारतो. केस आतल्या आत तुटते, मंग कातडीत घुसते. आधी गरम टॉवेल. मंग फेस. मंग केस ज्या बाजूले वळले त्याच बाजूनं हलका हात. दाबायचं नाही. शेवटी थंड पाणी."

त्यांनी बॅगेतून एक उंच डबा काढला. बटण दाबलं की आयता फेस!

तेवढ्यात बाबा त्यांची जुनी पेटी घेऊन आले. गोल साबण, झिजलेला ब्रश, स्टीलचं रेझर आणि तुरटीचा खडा. "चाळीस वर्षं झाली, मी यानंच करून राहिलो. उलटाही हात मारतो, सुलटाही मारतो. मले काही होत नाही."

"बाबा, तुमची कातडी वेगळी आहे."

"माझाच पोरगा आहे ना तो? मंग कातडी कुठून आणली त्यानं?"

आईनं पदर तोंडाला लावला. जावई आणि सासरे समोरासमोर आले की मधे कोणीतरी पडावं लागतं. त्या दिवशी मधे माझं तोंड पडलं. भाऊजींनीच तोडगा काढला.

"टेस्ट घेऊ. उद्या सकाळी डावा गाल माझ्या पद्धतीनं. रविवारी सकाळी पाहू. पुरळ नाही आलं, तर उजवाही तसाच. आलं, तर उजवा बाबाच्या पद्धतीनं."

सगळ्यांना पटलं. पुरळ आलंच तर डाव्या गालाचं काय करायचं, हा प्रश्न कोणालाच सुचला नाही. मलाही नाही!

शनिवारी सकाळी सपरीत, म्हणजे आमच्या पुढच्या पडवीत, उजेड चांगला म्हणून स्टुलावर आरसा मांडला. भाऊजींनी गरम टॉवेल गालावर धरला, फेस लावला, दोन बोटांनी कातडी ताणली आणि हलक्या हातानं रेझर फिरवलं. काय सांगू! आयुष्यात पहिल्यांदा दाढी करताना मला झोप येत होती. नाकाच्या शेंड्यापासून हनुवटीच्या मध्यापर्यंत सरळ रेघ आखल्यासारखी डावी बाजू स्वच्छ झाली. उजवीकडे काळी कुळकुळीत दाढी. मिशी पूर्ण ठेवली, कारण मिशीबद्दल घरात मतभेद नव्हते.

"आज दुकानात येऊ नको," बाबा म्हणाले. "गिऱ्हाईक पळते." पण माझं तोंड पाहायच्या नादात तेही दुकानात गेलेच नाहीत.

मी सपरीतच गालावरून हात फिरवत बसलो होतो. खोक्यावरच्या माणसासारखा खूश. एवढ्यात फाटकापाशी जीप थांबली. आईनं खिडकीतून पाहिलं आणि दबक्या आवाजात ओरडली.

"अवो... सानगडीवाले!"

मी उठलो, मधल्या खोलीत उडी मारली आणि दार लोटून घेतलं. बाहेर बाबांचा आवाज ऐकू आला. "या, या! पण उद्या येणार होते ना जी तुमी?"

"हाव जी," मुलीचे वडील म्हणाले. "तुमसरले एक पोट्टा पाहाले गेलो होतो. तो काही पसंत पडला नाही. म्हणलं, मोहाडी वाटेतच आहे, उद्या कायले परत जीप काढता? आजच उरकून टाकू."

हे ऐकून मला आनंद व्हावा की अपमान वाटावा, ते कळायच्या आत पाहुणे खाटांवर बसलेसुद्धा. मुलीचे वडील, मुलीचे मामा, आणि ती आत्या. आत्याबाईंना पाय धुवायला ताईनं घराच्या बाजूच्या बोळीतून मागच्या अंगणात नेलं आणि तिथून सरळ स्वयंपाकघरात बसवलं.

आता आमचं घर कसं, ते सांगतो. पुढं सपरी, मागं स्वयंपाकघर, आणि दोन्हीच्या मधे एक खोली. खोलीला दारं दोनच. एक सपरीत उघडतं, दुसरं स्वयंपाकघरात. पुढच्या दाराबाहेर मुलीचा बाप, मागच्या दाराबाहेर मुलीची आत्या, आणि मधे मी. आणि दाढीचं सगळं सामान? फेस, रेझर, साबण, बाबांची पेटी, सगळं सपरीतल्या स्टुलावर. मामांच्या गुडघ्याला टेकून!

भाऊजी आत घुसले. "पोट्ट्याले बोलावून राहिले."

"असा कसा येऊ?"

भाऊजींनी डोळे मिटून विचार केला. "दारासमोर खुर्चीवर आडवा बस. डावा गाल सपरीकडं. मान फिरवू नको. पाय मुरगळला, उठता येत नाही, असं मी सांगतो. अर्ध्या तासाचं काम आहे."

मी बसलो. पुढचं दार उघडलं. मी समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर लावली.

"नमस्कार," मी कॅलेंडरला म्हणालो.

"पाय लय दुखते काय?" मुलीच्या वडिलांनी विचारलं.

"नाही जी. मानेपर्यंत येते कळ."

"लाजरा दिसते पोट्टा," ते मामांना हळूच म्हणाले. "मान वर करून पाहतसुद्धा नाही. फोटोसारखाच आहे. चिकणा."

माझी छाती भरून आली. पण मान फिरवली नाही.

तिकडे मामांचं लक्ष स्टुलावर गेलं होतं. "हे काय जी?"

"दाढीचा फेस," भाऊजी म्हणाले. "माझाच आहे."

"डब्यात? अन् ब्रश?"

"लागत नाही."

मामांनी बटण दाबलं. फुस्स करून तळहातावर फेसाचा ढीग! तो कसा थांबवायचा ते त्यांना कळेना, कुठं पुसायचा तेही कळेना. दुसऱ्याच्या घरी चादरीला कसा पुसणार? शेवटी त्यांनी तो स्वतःच्याच गालांना लावून टाकला आणि आब राखून बसून राहिले.

इतक्यात आईनं चहाचा ट्रे आणायला स्वयंपाकघराकडचं दार उघडलं. मला माझ्या उजव्या कानाला वारा लागल्यासारखा झाला. तो वारा नव्हता. ती आत्याबाईंची नजर होती!

आत्याबाई उठल्या, बोळीतून फेरा मारून सपरीत आल्या आणि भावाच्या कानाशी कुजबुजल्या. (त्यांची कुजबूज आमच्या घरात सगळीकडे ऐकू गेली.) "नाही म्हणून टाक. दाढीवाला आहे."

"कोण?"

"पोट्टा!"

"कुठली दाढी वो बाई? हा काय समोर बसला आहे."

आत्याबाईंनी दारातून पाहिलं. गुळगुळीत गाल. त्यांनी डोळे चोळले. मग त्यांची नजर बरोबर आलेल्या मामांकडे गेली. फेसाची पांढरीशुभ्र दाढी! "मायबाई! अन् तुमाले काय झालं?"

"मी पाहून राहिलो होतो," मामा म्हणाले.

आत्याबाई तशाच परत बोळीतून मागं गेल्या. मागच्या दारातून पाहिलं. दाढी! परत पुढं आल्या. नाही! परत मागं. आहे! मला दिसत काही नव्हतं, पण पावलांचा आवाज कधी डावीकडून यायचा, कधी उजवीकडून. मी कॅलेंडरवरची एकादशी पुन्हा पुन्हा वाचत बसलो. शेवटी आत्याबाई सपरीत येऊन धापा टाकत उभ्या राहिल्या आणि निकाल दिला.

"दोन आहेत."

"काय दोन?"

"पोट्टे! एक चिकणा, एक दाढीवाला. एकसारखेच. जुळे असतील."

मुलीचे वडील हळूच बाबांकडे वळले. "भाऊ, तुमी तर एकुलता एक सांगतला होता."

आता बाबांनी खरं सांगून टाकावं की नाही? पण बाबा गोंधळले. "तो... तो माझ्या बहिणीचा पोरगा आहे."

त्याच क्षणी आतून आई ओरडली, "भाडेकरू आहे तो!"

आणि भाऊजी म्हणाले, "कोणीच नाही तिथं!"

तिघांची तीन उत्तरं एकाच वेळी बाहेर पडली. मुलीच्या वडिलांनी खाटेवरचा रुमाल उचलून खांद्यावर टाकला. हा उठून जायचा रुमाल होता, मला न पाहताही समजलं.

"म्हणजे घरात माणूस लपवून ठेवला आहे," ते म्हणाले. "काहून? त्याच्या डोक्यात काही आहे काय? असं असंल तर आताच सांगा भाऊ. आमच्या पोरीच्या जिंदगीचा सवाल आहे."

आतापर्यंत मला हसू आवरत नव्हतं, खोटं कशाला बोलू. पण त्या वाक्यानं हसू गेलं. तो माणूस खरोखर घाबरला होता. आणि माझ्या अर्ध्या दाढीपायी बाबा मान खाली घालून उभे होते. घरात वेडा लपवून ठेवणारे म्हणून आमचं नाव सानगडीपासून तुमसरपर्यंत व्हायला एक दिवसही लागला नसता.

मामा उठले, तोंडावर फेस तसाच, आणि दाराकडे बोट करून गरजले, "दोघंही या बाहेर!"

मी उठलो. दोघंही बाहेर आलो.

आधी त्यांना डावा गाल दाखवला. मग वळून उजवा दाखवला. मग समोर तोंड करून उभा राहिलो.

मुलीचे वडील एकदा इकडून पाहत, एकदा तिकडून. आत्याबाईंनी तर माझ्या पाठीमागे जाऊन खोलीत डोकावून पाहिलं.

"अन् दुसरा?" त्यांनी विचारलं.

"मीच आहे जी."

"अन् पाय?" मामांनी विचारलं.

तो मी विसरलोच होतो! मी एकदम लंगडायला लागलो. कोणता पाय मुरगळला होता तेही आता आठवेना, म्हणून दोन्ही पायांनी लंगडलो. तेव्हा मात्र मुलीच्या वडिलांचा ताबा सुटला. ते खाटेवर बसले, रुमाल तोंडावर धरला, आणि त्यांचे खांदे गदागदा हलायला लागले. आधी वाटलं रडतात. मग मामांच्या तोंडावरचा फेस उडायला लागला. मग बाबा, मग ताई. आई दारात उभी राहून हसत पण होती आणि डोळे पण पुसत होती.

आत्याबाई मात्र हसल्या नाहीत. भाऊजींनी सगळी टेस्ट समजावून सांगितली. पुरळ, गोवर, गरम टॉवेल, केसांची दिशा. आत्याबाईंनी ती नीट ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "मले पूर्ण पोट्टा पाहायचा आहे. करा उरलेली. माझ्यासमोर."

डब्यातला फेस मामांनी संपवला होता. त्यामुळे बाबांचा गोल साबण आला, झिजलेला ब्रश आला. मी सपरीत खुर्चीवर बसलो, हातात बाबांचं रेझर. समोर पाहुणे अर्धवर्तुळात, जसे काही दंडारीचा खेळ पाहायला बसलेत!

"आधी गरम पाणी!" भाऊजी म्हणाले.

मी गरम लावलं.

"थंड लाव, थंड," मामा म्हणाले. "गरमानं आग होते."

मी थंड लावलं.

"वरून खाली ये," मुलीचे वडील म्हणाले.

मी वरून खाली आलो.

"तसे खुंट राहते. उलटा हात मार!" बाबा म्हणाले.

मी उलटा हात मारला.

"दाबू नको!"

"थोडा दाब, नाही तर निंगन कशी?"

"गाल फुगव!"

मी गाल फुगवला.

"आत घे!"

आत घेतला. रक्त आलं. आईनं वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवले, बाबांनी तुरटी चोळली. मी ओरडलो, तर मामा म्हणाले, "ओरडू नको, गाल हालते." शेवटी उजवी बाजू उघडी पडली. आत्याबाई जवळ आल्या, हनुवटी धरली, कागद मोजल्यासारखे पाहिले आणि म्हणाल्या, "दाढी नाही. चला." चहा पिऊन मंडळी निघाली. जाताना नेहमीचं ते वाक्य. "कळवतो."

दुसऱ्या दिवशी डावा गाल आरशासारखा होता. उजव्यावर डाळ शिजली होती! भाऊजी बाबांना काही बोलले नाहीत. नुसते माझ्या दोन्ही गालांकडे आळीपाळीने पाहत राहिले, ते बोलण्यापेक्षा वाईट. मी लग्नाची आशा सोडली आणि दोन्ही बाजूंनी एकसारखी दाढी वाढवायला घेतली.

आणि त्याच आठवड्यात सानगडीहून निरोप आला. मुलगा पसंत आहे.

उन्हाळ्यात लग्न झालं. त्याला आता वीसेक वर्षं झाली. माझी समजूत अशी होती की, मी दोन्ही गाल घेऊन धीटपणानं बाहेर आलो, ते त्या लोकांना आवडलं असणार. पोट्टा खोटं बोलत नाही, असं आत्याबाई म्हणाल्या असतील. (पायाचं सोडून द्या.) ही गोष्ट मी ऐटीत चारचौघांत सांगायचोसुद्धा. मागल्या महिन्यात आमच्याकडे पाहुणे आले होते, त्यांच्यासमोर सांगत होतो, तर ज्योती आतून हसली.

"काहून हसली?" मी विचारलं.

"आत्यानं घरी येऊन काय सांगतलं, माहीत आहे तुमाले? म्हणे, तोंड त्याचं, पातं त्याच्या हातात, रक्त निंगून राहिलं, तरी पोट्टा प्रत्येकाचं ऐकून राहिला होता. असा नवरा शोधून सापडत नाही. देऊन टाका पोरगी."

पाहुणे खो खो हसले. मला राग आला. मी म्हणालो, "असं काही नाही. मलाही माझं मत आहे. कोणाच्या सांगण्यानं मी काही करत नाही."

"हाव काय?" ज्योती म्हणाली. "मंग आता उठा, दाढी करून या. सायंकाळी लग्नाला जायचं आहे. अन् कोमट पाणी घेजा."

मी उठलो. न्हाणीच्या दारापर्यंत गेलो आणि तिथून विचारलं, "सुरुवात डावीकडून करू की उजवीकडून?"